शून्य गुणांमागचा इतिहास

रेडिओ-नियंत्रित विमानांच्या हवाई कसरतींच्या स्पर्धेत कधी कधी एक चमत्कारिक प्रसंग घडतो. दोन मीटर पंखविस्ताराचे, जेमतेम पाच किलो वजनाचे एक देखणे विमान वाऱ्याला सामोरे जात येते. त्याचा वेग कमी होतो, नाक खाली झुकते आणि विमान गिरक्या घेत खाली येऊ लागते. ठरलेल्या फेऱ्या पूर्ण होताच ते थांबते, सरळ खाली एक स्वच्छ उभी रेघ ओढते आणि पुन्हा आडवे होऊन निघून जाते. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. पंच मात्र गुणपत्रिकेत शून्य लिहितो.

विमान गिरक्या घेत होते, हे पंचालाही मान्य असते. त्याचे म्हणणे एवढेच की ते स्पिनमध्ये नव्हते.

हा भेद अनेकांना पंडिती काथ्याकूट वाटतो. दीडशे मीटर अंतरावरच्या एका छोट्या विमानाचे पंख हवेत ‘निकामी’ झाले होते की नाही, यावरून वैमानिकाच्या कसरतीचे सगळे गुण काढून घेणे म्हणजे अन्याय, असा आक्षेप सहज घेता येतो. या धाग्याची भूमिका उलट आहे. हे शून्य योग्य आहे, आणि ते का योग्य आहे हे कळण्यासाठी स्पर्धेचे नियमपुस्तक पुरेसे नाही. त्यासाठी १९१२ सालच्या ऑगस्टमधल्या इंग्लंडात जावे लागते.

थोडा लांबचा प्रवास आहे, निवांत वाचावा.

२५ ऑगस्ट १९१२. सॅलिसबरी पठारावरील लार्कहिल येथे ब्रिटिश लष्कराने विमानांच्या चाचण्या भरवल्या होत्या. लेफ्टनंट विल्फ्रेड पार्क हा नौदलाचा अधिकारी एव्हरो कंपनीचे बंदिस्त कक्षाचे द्विपंखी विमान उडवत होता. सोबत निरीक्षक म्हणून लेफ्टनंट ल ब्रेटन. तीन तासांचे उड्डाण संपत आले होते. उतरताना गोल गोल फिरत खाली यावे, असे पार्कने ठरवले. सुमारे सातशे फुटांवर त्याला विमान फारच तीव्र कोनात खाली झुकल्यासारखे वाटले. त्याने दांडा मागे ओढला. विमान सावरण्याऐवजी स्वतःभोवती गरगरत कोसळू लागले.

पार्कने त्यानंतर जे केले ते त्या काळच्या कुणाही शहाण्या वैमानिकाने केले असते. इंजिनाची ताकद वाढवली, दांडा आणखी मागे ओढला, आणि ज्या बाजूला विमान फिरत होते त्याच बाजूला शेपटीवरचे उभे सुकाणू, म्हणजे रडर, पूर्ण वळवले. कशाचाही उपयोग झाला नाही. खाली उभे असलेले लोक हताशपणे पाहत होते. जमीन पन्नास फुटांवर आली असताना त्याने रडर उलट्या बाजूला लोटले. गिरकी क्षणात थांबली आणि विमान जणू काही झालेच नाही अशा थाटात सरळ उडू लागले.

या घटनेला पुढे ‘पार्कची झेप’ असे नाव पडले. इतिहासाच्या अभ्यासकाला त्यातली विशेष गोष्ट वेगळीच वाटते. पार्क वाचला हा योगायोग होता. पण उतरल्यानंतर त्याने काय काय केले आणि कोणत्या क्रमाने केले हे त्याला नीट आठवत होते, ते त्याने सांगितले, आणि ‘फ्लाइट’ या नियतकालिकाने त्याची बारकाईने चिकित्सा छापली. तोवर या गिरकीत सापडलेले वैमानिक सहसा सांगायला परतत नसत. इथे प्रथमच एक साक्षीदार होता, त्याची साक्ष लेखी नोंदली गेली होती आणि तिची उलटतपासणीही झाली होती. बखर आणि दफ्तर यांतला फरक ज्यांना माहीत आहे त्यांना या नोंदीचे मोल वेगळे सांगायला नको.

पार्क स्वतः मात्र फार काळ जगला नाही. त्याच वर्षी १५ डिसेंबरला वेम्बलीजवळ हँडली पेज कंपनीच्या एकपंखी विमानाच्या अपघातात तो आणि त्याचा सहप्रवासी दोघेही ठार झाले.

आता थोडे विज्ञान, कारण त्याशिवाय पंचाचे शून्य समजणार नाही.

विमानाला उचल मिळते ती पंखावरून वाहणाऱ्या हवेमुळे. समोरून येणारी हवा आणि पंख यांच्यातला कोन वाढवत नेला की उचलही वाढते. पण एका मर्यादेपर्यंतच. ती मर्यादा ओलांडली की पंखाच्या वरच्या पृष्ठभागाला चिकटून वाहणारी हवा सुटते, विस्कटते आणि उचल एकाएकी ढासळते. यालाच स्टॉल म्हणतात. इंजिन बंद पडण्याशी त्याचा काही संबंध नाही, हा वर्तमानपत्री गैरसमज एकदा दूर केलेला बरा.

स्टॉल होत असतानाच विमान एका बाजूला वळत असेल तर दोन्ही पंखांची अवस्था सारखी राहत नाही. खाली जाणाऱ्या पंखाचा हवेशी होणारा कोन आणखी वाढतो, म्हणून त्याची उचल आणखी घटते आणि अडथळा वाढतो. वर जाणाऱ्या पंखाचे याच्या उलट होते. त्यामुळे खाली जाणारा पंख आणखी खाली जातो, मागे खेचला जातो, आणि गिरकी स्वतःच स्वतःला फिरवत ठेवते. वैमानिकाने दांडा मागे ओढून धरला तर पंख स्टॉलमध्येच राहतात. जमीन अंगावर येताना दांडा मागे ओढावा, हीच माणसाची पहिली ऊर्मी असते. स्पिन इतका जीवघेणा ठरला तो यामुळेच.

याच्या शेजारी आणखी एक गिरकी उभी करून पाहावी : मळसूत्री सूर. त्यातही विमान नाक खाली करून गोल गोल फिरत येते. लांबून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. मळसूत्री सुरात मात्र पंख काम करत असतात, विमान ‘उडत’ असते, आणि म्हणून त्याचा वेग सतत वाढत जातो. स्पिनमध्ये पंख स्टॉल झालेले असतात. विमान घसरत, गरगरत पडते, आणि त्याचा हवेतला वेग कमी व बहुतांशी स्थिर राहतो. एकातून सुटण्याचा उपाय दुसऱ्यात उपयोगी पडेलच असे नाही. ज्यांना हा भेद ठाऊक नव्हता त्यांच्यापैकी किती जण चुकीच्या उपायाने मेले याची मोजदाद कोणी करू शकत नाही.

हा भेद कुणी शोधला? लोकप्रिय उत्तर तयारच असते : फ्रेडरिक लिंडेमान. पुढे चर्चिलचा वैज्ञानिक सल्लागार म्हणून गाजलेला हा पदार्थशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धात फार्नबरो येथे विमानांवर संशोधन करत होता. कथा अशी सांगतात की स्पिनमधून कुणीही जिवंत परतत नसताना या प्राध्यापकाने कागदावर गणित मांडले, केवळ ते सिद्ध करण्यासाठी विमान उडवायला शिकला, एकटा आकाशात गेला, मुद्दाम स्पिनमध्ये शिरला आणि स्पिनमधून सुटण्याची किल्ली घेऊनच खाली उतरला.

कथा झकास आहे. तिचा निम्मा भाग खराही आहे. लिंडेमान खरोखरच विमान चालवायला शिकला, १९१७ मध्ये त्याने स्वतः स्पिन केले, त्या भोवंडून टाकणाऱ्या अवस्थेत उपकरणे वाचली आणि ते आकडे खाली आणले. ग्लाउर्ट आणि हॅरिस यांच्यासह त्याने केलेला स्पिनचा प्रायोगिक व गणिती अभ्यास या विषयाचा पाया मानला जातो. त्या धैर्याला कमी लेखण्याचे कारण नाही.

पण ‘त्याच्याआधी कुणी परतले नव्हते’ हे विधान साफ चुकीचे आहे. पार्क १९१२ मध्येच परतला होता. १९१४ मध्ये ब्रुकलँड्सच्या परिसरात हॅरी हॉकरचे सॉपविथ विमान स्पिनमध्ये जाऊन झाडांत कोसळले. तो बचावला आणि पुढे त्याने मुद्दाम स्पिन करून विमान बाहेर काढून दाखवले. १९१६ मध्ये एफ. ई. ८ या लढाऊ विमानाविषयी वैमानिकांच्या मनात धास्ती बसली, तेव्हा फार्नबरोचाच चाचणी-वैमानिक फ्रँक गुडन याने ते विमान जाणूनबुजून स्पिनमध्ये घातले आणि सुटकेची रीत सांगितली. लिंडेमानने प्रयोग केले तोवर आघाडीवरचे वैमानिक शत्रूच्या तावडीतून निसटण्यासाठी स्पिनचा वापरही करू लागले होते. त्याच सुमारास गॉस्पोर्ट येथे रॉबर्ट स्मिथ-बॅरी याने प्रशिक्षणाची पद्धतच बदलली : शिकाऊ वैमानिकाला धोक्यापासून दूर ठेवण्याऐवजी शिक्षकासोबत त्या धोक्यात न्यायचे आणि त्यातून बाहेर यायला शिकवायचे.

म्हणजे स्पिनचे ज्ञान एका नायकाने स्वर्गातून आणलेले नाही. एकाची आठवण, दुसऱ्याचा अपघात, तिसऱ्याचे धाडस, चौथ्याचे आकडे आणि पाचव्याची शिकवण्याची रीत, असे ते थराथराने साचले. एकट्या वीराची गोष्ट सांगायला सोपी जाते, म्हणून ती टिकते. आपल्याकडच्या इतिहासलेखनातही हा रोग नवा नाही. पण तो वेगळ्या धाग्याचा विषय.

लिंडेमानचे खरे योगदान त्या दंतकथेत नेमके झाकले जाते. स्पिनमधून सुटता येते हे आधीच माहीत झाले होते. तो आत असताना नेमके काय चालते, हे त्याने मोजले. वेग वाढत नाही, पंख स्टॉलमध्येच राहतात, म्हणून हा सूर नव्हे, ही निराळीच अवस्था आहे, हे मोजमापाने दाखवता येऊ लागले. स्पिन आणि मळसूत्री सूर यांच्यातली सीमारेषा आता अंदाजावर राहिली नाही.

आता पुन्हा छोट्या विमानांकडे वळू.

रेडिओने विमान उडवण्याच्या छंदाचा आरंभ १९३० च्या दशकात झाला. अमेरिकेतील वॉल्टर आणि विल्यम गुड या भावांचे ‘गफ’ हे त्या काळातले गाजलेले विमान. ते आज स्मिथसोनियन संग्रहालयाच्या संग्रहात आहे. सुरुवातीच्या बहुतेक विमानांत वैमानिकाच्या हाती फक्त रडर असे. पिळलेल्या रबराच्या ताकदीवर चालणारी एक साधी यंत्रणा बटण दाबले की रडर एका बाजूला पूर्ण वळवी, सोडले की मध्यावर आणी. अधलेमधले काही नाही.

एवढ्या तुटपुंज्या साधनावरही त्या लोकांनी कसरती केल्या. रडर दाबून धरले की विमान मळसूत्री सुरात शिरे आणि वेग घेई. योग्य क्षणी बटण सोडले की साठलेल्या वेगामुळे ते आपोआप वर उसळून वर्तुळ पूर्ण करी. मळसूत्री सूर हे त्यांचे वेग कमावण्याचे साधन होते. तो पाहणाऱ्याने त्याला ‘स्पिन’ म्हटले तरी कुणाचे बिघडत नसे. नाक वर धरून पंख स्टॉल करायला जो एलेव्हेटर लागतो, तोच मुळात वैमानिकाच्या ताब्यात नव्हता.

१९६० हे वर्ष या कथेत मजेशीर आहे. त्या वर्षी ब्रातिस्लाव्हा येथे माणसाने चालवायच्या विमानांची पहिली जागतिक कसरत स्पर्धा झाली आणि चेकोस्लोव्हाकियाचा लादिस्लाव्ह बेझाक विजेता ठरला. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये रेडिओ-नियंत्रित विमानांचीही पहिली जागतिक कसरत स्पर्धा झाली आणि ती अमेरिकेच्या एड काझमिर्स्कीने ‘ओरायन’ हे विमान उडवून जिंकली. मोठी आणि छोटी, दोन्ही विमाने एकाच वर्षी एकाच आंतरराष्ट्रीय संघटनेच्या छत्राखाली गुणांसाठी उडू लागली. पुढे स्पेनच्या होसे लुईस अरेस्ती याने प्रत्येक कसरतीला चिन्ह आणि काठिण्यमूल्य देणारी लिपी रचली. त्या लिपीत स्पिनला स्वतःचे घर आहे. १९६० च्या दशकातच दांडा जितका हलवावा तितकाच रडर किंवा एलेव्हेटर हलेल अशी प्रमाणबद्ध रेडिओ यंत्रणा आली आणि छोट्या विमानाला मोठ्याची सगळी भाषा बोलता येऊ लागली.

त्याबरोबर नक्कल करण्याची सोयही आली.

आजचे स्पर्धेचे विमान मुद्दाम असे घडवलेले असते की ते सहजासहजी स्टॉल होऊ नये. वजन कमी, पंख मोठे, मोटर दमदार. नेहमीच्या उड्डाणासाठी एलेव्हेटरची हालचालही बेताचीच ठेवलेली असते. अशा विमानाला स्पिनमध्ये घालायचे म्हणजे त्याच्या स्वभावाविरुद्ध वागायला लावणे. म्हणून अनेक वैमानिक खास स्पिनसाठी ट्रान्समीटरवर वेगळी मांडणी ठेवतात. एक खटका दाबला की एलेव्हेटर आणि रडर जास्त वळू लागतात. गुरुत्वमध्य जरा पुढे असला तर विमान स्पिनमध्ये टिकत नाही, दीड-दोन फेऱ्यांत पंख पुन्हा हवा धरतात आणि गिरकीचा नकळत मळसूत्री सूर होतो. तो मागे घ्यावा तर बाकीच्या कसरतींत विमान चंचल होते. तीन फेऱ्यांच्या एका स्पिनसाठी संपूर्ण विमानाचा तोल पणाला लागतो.

मग मोह होतो. विमान मंदावल्यासारखे दाखवावे, नाक हलकेच खाली घालावे आणि पंखांवरच्या एलेरॉनने त्याला फिरवत सरळ खाली आणावे. दिसायला हे खऱ्या स्पिनपेक्षा नीटनेटके दिसते. दुसरी युक्ती याच्या उलट : वेग पुरेसा असतानाच दांडे झटक्याने कोपऱ्यात लोटून विमान ‘तोडायचे’ आणि गिरकीत फेकायचे. पहिल्यात स्टॉल झालेलाच नसतो; दुसऱ्यात तो वेग ओसरल्यामुळे नव्हे, हाताच्या झटक्याने घडवलेला असतो.

नियमांची भाषा इथे लक्ष देऊन वाचण्यासारखी आहे. प्रवेश जवळजवळ आडव्या मार्गावर व्हावा. वेग कमी होईल तसे नाक वर यावे. स्पिनच्या आधी विमान वर चढले तर गुण कापावेत. स्टॉल होताना नाक आणि पंख एकाच वेळी खाली पडावेत. गिरकी थांबताना दिशा चुकली तर साधारण दर पंधरा अंशांना एक गुण जावा. मळसूत्री सूर मारला तर शून्य. दुसरीकडे, स्टॉलच्या आधी वाऱ्याने विमानाचे नाक थोडे वळले किंवा स्पिनमध्ये ते वाऱ्याबरोबर वाहत गेले, तर गुण कापू नयेत.

ही सूट फार बोलकी आहे. बाकी सगळ्या कसरतींत वैमानिकाने वाऱ्याला पुरून उरावे, रेषा सरळ दिसावी, अशी अपेक्षा असते. स्पिनमध्ये मात्र स्टॉल झालेले विमान वाऱ्याच्या हवाली असते, हे नियमाने मान्य केले आहे. उलट, वाऱ्यातही अगदी सरळ रेषेत उतरणारी गिरकी दिसली तर जाणत्या पंचाला संशय यावा. ज्या ठिकाणी नीटनेटकेपणा हाच नकलीचा पुरावा ठरतो, अशा जागा खेळांत फार थोड्या असतात.

आक्षेपांचा विचार करायला हवा. पंचाला दीडशे मीटरवरून स्टॉल ‘दिसत’ नाही, हे खरे. त्याला खुणा दिसतात : नाक आणि पंख एकत्र पडले का, खाली येताना वेग वाढला का, गिरकी थांबवण्यासाठी वैमानिकाला काही करावे लागले की ती नुसती संपली. खुणांवरून अनुमान काढावे लागते, आणि अनुमानात चूक होऊ शकते. एकाच फेरीत एका पंचाने सात आणि शेजारच्याने शून्य दिले तर वैमानिकाचा संताप समजण्यासारखा आहे. पण यावरचा उपाय नियम सैल करणे हा नव्हे. पंचांच्या प्रशिक्षणात खरे आणि खोटे स्पिन शेजारी-शेजारी उडवून दाखवावेत, विमानांत आज सहज बसवता येणाऱ्या नोंदयंत्रांतील वेगाचे आकडे नंतर त्यांच्यासमोर ठेवावेत, आणि आपला डोळा कुठे चुकला हे त्यांना पाहू द्यावे. लिंडेमानने १९१७ मध्ये जिवावर उदार होऊन जे आकडे आणले, ते आज काही ग्रॅम वजनाचे उपकरण आणू शकते. ते न वापरणे हा आळस आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मोठ्या विमानांच्या जगानेच स्पिन मागे टाकला. अमेरिकेने १९४९ मध्ये खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठीची स्पिनची सक्ती काढली आणि स्टॉल ओळखून टाळण्यावर भर दिला. सरावातच होणारे अपघात पाहता त्या निर्णयाला सबळ कारणे होती, आणि तो चुकला असे म्हणणे सोपे नाही. मग छोट्या विमानांनी जुने ओझे का वाहावे?

कारण छोट्या विमानात कुणी बसलेले नसते. परवान्याच्या परीक्षेतून स्पिन गेला तो त्याचे ज्ञान निरुपयोगी झाले म्हणून नव्हे; ते मिळवण्याची किंमत माणसाच्या जिवाने मोजावी लागत होती म्हणून. मैदानावरच्या स्पर्धेत ही किंमत लाकूड, कार्बन आणि काही महिन्यांचे कष्ट एवढीच आहे. तिथे अजूनही एखादा सोळा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी विमानाला मुद्दाम स्टॉलमध्ये नेते, ते पडू देते आणि योग्य क्षणी रडर उलट लोटते. आणि हे सारे विमानाबाहेर उभे राहून, शरीराला कसलीही जाणीव नसताना, केवळ डोळ्यांनी. विमानाचे तोंड आपल्याकडे वळले की डावे-उजवे उलटे होते हे ध्यानात ठेवून. पार्कने जमिनीपासून पन्नास फुटांवर जे शेवटी केले, तेच या मुलांना दुसऱ्या की तिसऱ्या फेरीच्या नेमक्या कितव्या अंशाला करायचे हे ठरवावे लागते. कारण रडर वळवल्यावर गिरकी लगेच थांबत नाही, थोडे आधीच सुरू करावे लागते.

खोट्या स्पिनला पाच-सहा गुण देऊन टाकले तर या मुलांना त्यातले काहीच शिकावे लागणार नाही. ती मळसूत्री सूर गिरवतील, त्याला स्पिन म्हणतील, आणि १९१८ पूर्वीचा गोंधळ महागड्या उपकरणांसह परत येईल. यातल्या काही मुलांनी उद्या खरे विमान हाती घेतले, तर हा गोंधळ त्यांच्यासोबत त्या विमानातही चढेल.

स्पर्धा भरवणाऱ्यांनी एवढे तरी करावे : स्पिनला शून्य दिले की त्याचे कारण वैमानिकाला त्याच दिवशी, विमानाकडे बोट दाखवून सांगावे. नाक आधी पडले, पंख नंतर. किंवा दुसऱ्या फेरीपासून वेग वाढत गेला. गुणपत्रिकेवरच्या त्या एका अंकाशेजारी हे एक वाक्य लिहायला पंचाला अर्धे मिनिटही लागत नाही.